कसर

कारागिराने फ्लूटच्या चावीखाली पातळ कागदाची पट्टी सरकवली, चावी दाबली आणि पट्टी ओढली. ती अडकून राहायला हवी होती. ती सुळकन बाहेर आली.

"पुन्हा गळतोय," तो म्हणाला.

समोरच्या बाईंच्या चेहऱ्यावर चक्क समाधान दिसले. फ्लूट त्यांच्या नवऱ्याचा. तीस वर्षे तो वाद्यवृंदात वाजवत होता आणि गेले काही महिने त्याचे खालचे सूर मध्येच तुटत होते. सूर तुटायला कारणे दोनच: वाद्य गळते, नाहीतर वाजवणाऱ्याचा श्वास संपतो. जिना चढताना नवरा दोनदा थांबतो, हे बाईंना दिसत होतेच. पण माणसाला सोसेल तेच कारण पटते. छाती दाखवा म्हणून त्या त्याच्या मागे लागल्या होत्या. त्याचे म्हणणे, आधी वाद्य नीट होऊ दे. तरी सूर तुटला तर जाऊ दवाखान्यात.

कारागिराने चावीखालची गादी काढून भिंगाखाली धरली. नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, नाण्याएवढी चकती, तिच्यावर कांद्याच्या सालीसारखा पापुद्रा, आणि पापुद्र्याला बारीक भोक. ही चौथी खेप.

"कसर लागलीय, वहिनी. पेटीत कुठेतरी किडा बसलाय."

"मग भरून निघेल ना ही कसर?" त्या हसल्या. पेटी त्यांनी तीनदा उन्हात ठेवली होती, अस्तरही बदलले होते. आता त्यांना दुसरे काही सुचत नव्हते.

कारागिरालाही स्वतःची लाज वाटू लागली होती. आपण फ्लूटला हात लावावा आणि तो पंधरा दिवसांत गळावा, म्हणजे दुकानाला कुलूपच. या वेळी तो इरेला पेटला. त्याने रबरासारख्या नव्या गाद्या निवडल्या. किड्याने कितीही दात आपटले तरी त्यांचे काही बिघडणार नव्हते. एकेका चावीची खोली मोजली, गादी जिथे तिरकी बसली तिथे खाली कागदाची चकती सारली, पट्टी चहूबाजूंनी सारखी अडेपर्यंत. त्यात अख्खा दिवस गेला.

आठवड्याने वादक स्वतःच आला. चार पायऱ्या चढून दारातच थांबला, मग स्टुलावर टेकला. बराच वेळ त्याला बोलता येईना.

"गळतोय का, भाऊ?" कारागिराने विचारले.

"छे. तिळभर हवा जात नाही." वादकाने पेटी पुढे सरकवली. "पण आधीसारख्या गाद्या बसवून द्या. डॉक्टरांनी मला चार महिन्यांपूर्वीच सांगितलंय, फार दिवस नाहीत म्हणून. तेवढे दिवस तिला फ्लूटच बिघडलाय असं वाटू दे. तुमच्या ह्या रबरात मी सुईनं पाडलेलं भोक टिकत नाही."