लीनाची बोली

"हिला बोलू द्या. मध्ये कुणी तोंड उघडू नका," गुरुदत्त म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. वरणभात अर्ध्यावर टाकून ते पाटावरून उठले होते. उजवा हात अजून उष्टाच होता.

बालीगंजच्या त्या खोलीत मग फक्त लीनाचा आवाज राहिला. साडेतीन वर्षांची पोर जमिनीवर बसून बाहुलीशी बोलत होती. त्यातलं अक्षरही प्रतिभाला, तिच्या आईला, कळत नव्हतं. डॉक्टरांनाही कळलं नव्हतं. पण न कळलेल्याला नाव देण्यात ही मंडळी पटाईत. पोर मंदबुद्धी आहे, हे नुसतं बरळणं आहे, तिला संस्थेत ठेवा, असं त्यांनी बजावलं होतं. सोमवारी न्यायला गाडी यायची होती. आज शनिवार.

लीना चार महिन्यांची असताना प्रतिभाला क्षयानं गाठलं. स्वातंत्र्यानंतर त्या नव्या सुया आल्या म्हणून ती वाचली. तीन वर्षं इस्पितळात काढून नुकती घरी आली होती, ती लेकीच्या तोंडून एकदा 'आई' ऐकायला. नवरा श्यामराव तारखात्यात, सदा फिरतीवर. बाप दिसला की पोर मुकी. घर चाललं ते एतवारी नावाच्या आयावर. घरात सगळं मराठीत चाले, त्यातलं तिला ओ की ठो कळत नसे, आणि मालकमंडळींसमोर ती पोरीशीही तोंड उघडत नसे. आणि पोरीच्या दुखण्याची चर्चा नोकरमाणसाशी कशाला, म्हणून डॉक्टरांचं म्हणणंही तिला कुणी सांगितलं नव्हतं.

गुरुदत्त हे श्यामरावांचे धारवाडचे मावसभाऊ. भाषांची टिपणं काढायची त्यांची सरकारी नोकरी, परवाच बदलून कलकत्त्याला आलेले.

लीनानं बाहुलीच्या डोळ्यात बोट घातलं आणि घशातून खरखरीत 'ख' काढत म्हणाली, "ख़न्न."

गुरुदत्तांनी डोळे उघडले. "वहिनी, कानडीत डोळ्याला 'कण्णु' म्हणतात. आणि मघापासून ही बाहुलीला 'नीन' म्हणतेय. कानडीत 'तू' म्हणजे 'नीनु'."

"माझी लीना कानडी बोलते?"

"कानडी नव्हे. तमिळ नाही, तेलुगू नाही. मला एकही वाक्य लागत नाहीये. पण कानावरून सांगतो, भाषा त्यांचीच बहीण आहे. आणि अडखळणं म्हणून नाही कुठं. मंद पोर अशी बोलेल? ही तर चुरूचुरू बोलतेय."

प्रतिभाच्या अंगावर काटा आला. आपण जिला बरळणं समजलो ती अख्खी भाषा होती, कोण जाणे किती शतकांची, आणि एवढ्याशा जिवाच्या तोंडात ती मावली होती. लेकीकडे ती डोळे भरून बघत राहिली. असं नवल तिनं जन्मात पाहिलं नव्हतं.

"पण शिकली कुठं?" तिनं विचारलं, आणि दोघांची नजर एकदमच दाराकडे गेली. तिथं एतवारी पदर सावरून उभी होती.

"घर में क्या बोलते हो तुम लोग?" गुरुदत्तांनी तिला विचारलं.

"कुड़ुख, बाबू. हम उराँव हैं." एतवारी घाबरली होती. "बच्ची से हिंदी बोलना था क्या?"

"छोटा नागपूरच्या आदिवासींची भाषा, वहिनी, कानडीचीच लांबची बहीण," गुरुदत्त म्हणाले.

प्रतिभानं तिचे दोन्ही हात धरले. "सोमवारची गाडी नको म्हणून आजच कळवा," तिनं गुरुदत्तांना सांगितलं आणि खाली बसून हात पसरले. "लीना, ये बाळा."

लीना उठली, धावत जाऊन एतवारीच्या कमरेला बिलगली आणि प्रतिभाकडे बोट दाखवून एक लांबलचक वाक्य बोलली.

प्रतिभा हरखली. लेक तिच्याविषयी प्रथमच काही बोलत होती. "क्या बोली? मेरे बारे में बोली ना?"

एतवारीनं मान खाली घातली.

"घाबरायचं काय त्यात? जैसा बोली वैसा ही बताओ."

"पूछती है," एतवारी हळूच म्हणाली, "माँ, ये मेहमान बाई अपने घर कब जाएगी?"