अवंतीची सुट्टी

“सख्ख्या बहिणीची सगाई, अन् हिला तिकडे बर्फात घुमायचं सुचतंय,” धारहून आलेल्या आत्याबाई नवरीमुलगी शिखाचा पदर सारखा करताना पुटपुटल्या. पण पाहुण्यांना ऐकू जाईल इतपत.

अवंती पोलंडच्या एका शाळेत शिकवायची आणि तिची नाताळची सुट्टी कालच लागली होती. “टिकटं केवढी महाग झालीत हो,” मुलींचे वडील अशोकराव घाईघाईने व्याह्यांना म्हणाले. नलिनीबाईंनी व्हिडिओ कॉल लावून दिला, तेव्हा अवंतीही हसून म्हणाली, “काय करू आत्या, मैत्रिणींबरोबर आधीच ठरलं होतं. आता निघतोच आहोत.”

निघालेली अवंती तिथे खोलीत एकटीच, मोरपिशी पैठणी नेसून, केसांत खोटा गजरा माळून बसली होती. नलिनीबाईंनी फोन पटकन छातीशी धरला.

शिखाने तो आईच्या हातातून काढून घेतला आणि होणाऱ्या सासूबाईंसमोर धरला.



“ही माझी ताई. हिचा घटस्फोट झालाय. तुम्हाला कळू नये म्हणून आम्हीच हिला येऊ नको म्हणालो.”