दोनशे बारावं पत्र

“एका एंटरमुळे माणूस गेला, असं म्हणायचंय तुम्हाला?” इस्पितळाच्या अधीक्षकांनी विचारलं.

प्रोग्रामरने स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. यादीत दोनशे बारा नावं होती. या सगळ्यांच्या पेसमेकरची बॅटरी सदोष निघाली होती. ती ताबडतोब बदलून घ्या, असं पत्र प्रत्येकाला धाडायचं होतं.

“मशीन नावं मोजत नाही, ओळीअखेरचे एंटर मोजतं. टायपिंगचा जुना प्रोग्रॅम शेवटच्या ओळीनंतरचा एंटर आपणहून टाकायचा. नवा टाकत नाही. म्हणून नोंद दोनशे अकराची झाली. छापलेली पत्रं हाताने कुणी मोजली नाहीत, पण नोंदीवरून शेवटच्या नावाचं पत्र राहिलं.”

यादी टाइप करणारी कारकूनबाई भिंतीला टेकून उभी होती. बावीस वर्षांच्या नोकरीत तिची एक वेलांटी चुकली नव्हती. समोर खुर्चीत बसलेल्या बाईंचा नवरा यादीत शेवटचा होता. दीड महिन्यापूर्वी तो न्हाणीघरात कोसळला, तो उठलाच नाही.

“मॅडम, तुमचा दोष नाही,” प्रोग्रामर कारकूनबाईला म्हणाला. “ते डोळ्यांना दिसतच नाही.”

“टाइप मीच केलं ना? शेवटी एकदा एंटर मारायला काय झालं होतं मला?”

खुर्चीतल्या बाई पुढे झुकल्या.

“म्हणजे पत्र निघालंच नाही. नक्की?”

“नक्की,” अधीक्षक म्हणाले.

“पोस्टात गहाळ झालं, असंही नाही?”

“आमच्याकडे नोंदच नाही, बाई.”

“मग तसं लेखी द्या.”

त्यांना लेखी मिळालं. कारकूनबाईने जबाबावर सही केली आणि त्याच पेनाने राजीनामा लिहिला. अधीक्षक “अहो, राहू द्या” म्हणाले, पण फारसा आग्रह त्यांनी केला नाही.

जिन्यात तिने बाईंना गाठलं.

“ताई, माझ्या हातून तुमचं घर...”

बाईंनी तिचा हात हातात घेतला. “मनाला लावून घेऊ नका. त्यांचं आयुष्यच तेवढं होतं.”

त्या खाली उतरून गेल्या. कारकूनबाई पायरीवर बसली आणि पदरात तोंड खुपसून रडली. निदान शिव्या दिल्या असत्या तरी बरं वाटलं असतं तिला.

बाई घरी पोचल्या, तेव्हा मुलगी दार सताड उघडं टाकून मोठ्याने गाणी ऐकत होती. तिच्या दंडावरचे बापाने उठवलेले वळ आता पुसट झाले होते.

“काय म्हणाले, आई?”

“पत्र निघालंच नव्हतं म्हणे.”

“आणि आता?”

“आता काही नाही. तू ऐक तुझी गाणी.”

त्यांनी स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं. मग पिठाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून, तीन महिन्यांपूर्वी पोस्टमनकडून स्वतः घेतलेलं इस्पितळाचं पत्र बाहेर काढलं, आणि गॅस पेटवला.