अत्तरची खोली

कारखान्याच्या नळावर अत्तरने लिंबाची अर्धी फोड कोपरापर्यंत घासली, मग कपड्यांचा साबण लावला, मग अंगाचा, आणि पुन्हा लिंबू.

"अरे, सालटं निघतील हातांची," फाटकावरचा पहारेकरी म्हणाला. "सासुरवाडीला चाललायस की काय?"

"खोलीवर," अत्तर म्हणाला.

अत्तर हे त्याला कारखान्याने दिलेलं नाव. तिथे सुकी मासळी दळून कोंबड्यांचं खाद्य करत आणि तो चक्कीवर असे. ती भुकटी केसांत, नखांत, कानांमागे जाऊन बसते. नव्या माणसाला पहिल्या दिवशी ओकारी येते, मग हळूहळू त्याचं नाकच मरतं. अत्तरचं केव्हाच मेलं होतं. त्याला ना फुलाचा वास येई, ना गटाराचा. आपल्या अंगाला किती येतो, हे त्याला लोकांच्या तोंडाकडे बघूनच ताडावं लागे.

मागच्या घरमालकिणीने त्याची चादर चिमटीत धरून चार लोकांदेखत रस्त्यावर टाकली होती. आठवलं की अजून त्याचे कान तापत. म्हणून या घरात त्याने सरळ थाप मारली होती, "पशुखाद्याच्या कंपनीत आहे. ऑफिसात."

घरमालक चष्म्याच्या दुकानात कामाला होते. मवाळ माणूस, बोलताना समोरच्याच्या खांद्याकडे बघणारा. "हे स्वयंपाकघर, हे न्हाणीघर, ते आपलं सगळ्यांचं मिळून. ही तुमची खोली," त्यांनी घर दाखवलं. पॅसेजच्या टोकाला आणखी एक बंद दार होतं. "ती अडगळीची," असं म्हणून ते रेडिओचा आवाज वाढवायला वळले. तो रेडिओ पॅसेजमध्ये दिवसभर बडबडत असे.

खोली टीचभर होती, पण घर मायेचं होतं. वहिनी येता-जाता हाक मारायच्या, "चहा टाकलाय हो!" त्यांची छोटी शाळेतून आली की त्याला हुकूम सोडायची, "काका, माझे पाढे म्हणून घ्या." कितीतरी वर्षांनी कुणीतरी त्याला काका म्हणत होतं. या घराने आपल्याला हाकलू नये, एवढंच त्याला हवं होतं. त्यासाठी तो वाट्टेल ते करायला तयार होता.

आल्या आल्या तो खिडकी सताड उघडायचा. चहा दारात उभ्या उभ्या प्यायचा आणि पाढेही तिथूनच म्हणून घ्यायचा. जेवायला बोलावलं की "बाहेर झालंय" म्हणायचा आणि उपाशी झोपायचा. कारखान्यातल्या चेष्टेचा राग गिळून त्याने खरोखरीच अत्तराची कुपी विकत आणली. ते रुमालावर टाकून, घाम पुसल्यासारखं करत तो पॅसेजमधून झपाझप जायचा.

पण लक्षणं काही बरी दिसेनात. वहिनी सकाळ-संध्याकाळ फिनेल टाकून पॅसेज पुसत. दोरीवर रोज धुतलेल्या चादरी. तिघांच्या घरात एवढं धुणं कसलं? आपल्या मेल्या अंगापायी बिचारीच्या मागे हा व्याप लागला, या विचाराने तो मेल्याहून मेला होई.

एकदा छोटी नाक दाबून पॅसेजमधून पळत आली. समोर अत्तरला पाहताच तिने हात खाली घेतला. वहिनींनी तिला दंडाला धरून आत ओढलं. "शू! काका उभे आहेत ना!" त्या पुटपुटल्या. अत्तर खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसला. त्या दिवशी त्याने चहाही नको म्हटला.

मग रविवारी दुपारी न्हाणीघरातून परतताना स्वयंपाकघरातलं बोलणं त्याच्या कानांवर पडलं.

"रोज आंघोळ होते, पावडर होते, तरी वास जात नाही," वहिनी म्हणत होत्या.

"त्यात त्यांचा काय दोष?"

"दोष नाही हो. पण असं किती दिवस गप्प बसायचं? मला तर त्यांच्यासमोर मान वर करायची चोरी झालीय. तुम्हीच बोला आज."

अत्तरला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. एवढी भली माणसं, आणि आपण त्यांच्यावर ही वेळ आणली! ते तोंड उघडण्याआधी निघालेलं बरं. त्याने पिशवीत कपडे कोंबले, अंथरूण गुंडाळलं, खिडकी लावली. दार उघडलं तर घरमालक समोरच उभे, आणि त्यांच्यामागे वहिनी.

"जरा बोलायचं होतं..." घरमालकांची नजर पिशवीवर गेली. "म्हणजे, निघालातच तुम्ही."

"हो. तुम्हाला सांगायला लागू नये म्हणून. वासाचं मला ठाऊक आहे."

"बघा," वहिनी नवऱ्याला म्हणाल्या. "मी म्हटलं नव्हतं? यांना पहिल्या दिवसापासून कळलंय."

"माफ करा," अत्तर म्हणाला. "खोटं बोलून राहायला नको होतं..."

"खोटं आम्ही बोललो," घरमालक म्हणाले. "तुम्ही खिडकी उघडी टाकता, रुमालाला अत्तर लावता, आमच्याकडे घासभर खात नाही. पण तोंडातून चकार शब्द नाही काढलात. आधीचे भाडेकरू तर नाक दाबून पळाले हो."

अत्तरला काही उमजेना. "कशाला पळाले?" त्याने विचारलं.

घरमालकांनी वळून पॅसेजमधला रेडिओ बंद केला. टोकाच्या बंद दारामागे कुणीतरी खोल, म्हातारं खोकलं.

"अडगळ नाही तिथे," ते मान खाली घालून म्हणाले. "माझे वडील आहेत."