मुंजाजीचा रंग

"हा न्हाई." त्या माणसानं फ्लेक्सची गुंडाळी काउंटरवर ठेवली. "मायनं पाहिलं आन् म्हणली, हा माझा मुंजाजी न्हाई."

संगितानं गुंडाळी उलगडली. पुरुषभर उंचीचा तरुण कमरेवर हात ठेवून उभा होता. छपाई स्वच्छ होती.

"काय बिघडलं ह्यात?"

"गोरा केला तुमी त्याला."

ते खरं होतं. वसमतमध्ये कोणीही फोटो मोठा करायला आणला, की संगिता न विचारता चेहरा उजळ करायची. फोटो वाढदिवसाचा असो की श्रद्धांजलीचा, आजवर कोणाची तक्रार आली नव्हती. आणि हा तक्रार करणारा स्वतः इतका गोरा होता, की पहिल्या दिवशी तिला तो दूर मुलखातला कोणी वाटला होता. तोंड उघडलं तेव्हा कळलं, जवळा बाजारचाच आहे. पूर्ण बाह्यांचा सदरा आणि फेब्रुवारीच्या कोरड्या दुपारीही हातात छत्री.

"मला वाटलं, तुमच्यासारखेच असतील. भाऊ ना तुमचे?"

"घरातलाच हाय," तो म्हणाला. "काळा होता. तसाच पाहिजे."

मूळ फोटो पोस्टकार्डाएवढा, जत्रेतल्या स्टुडिओत काढलेला. इतक्या वर्षांत तो तांबूस पडला होता, आणि स्कॅनरनं तो तांबूसपणाही इमानानं उचलला होता. संगितानं पडद्यावर तो काढून टाकला आणि पुन्हा छापलं. पडद्यावर झकास दिसणारा मुंजाजी फ्लेक्सवर हिरवट उतरला. काळासावळा रंग नुसती काळी शाई ओतून येत नाही. त्यात पिवळी लागते, गुलाबी लागते, जराशी निळीही. एक शाई वरचढ झाली, की माणूस आजारी दिसतो.

"माय म्हणली, ह्याला कावीळ झाली का?" पुढच्या खेपेला तो सांगत आला. हसला नाही.

"मायला इतका बारीक फरक दिसतो?"

"नाकडोळे दिसत न्हाईत आता. कानानंबी गेली. समोर माणूस आला, की रंगावरून वळखती. मन जाग्यावर न्हाई तिचं."

संगितानं विचारलं, "खाली काही लिहायचं का? नाव, तारीख, भावपूर्ण..."

"काई लिहू नका." तो एकदम बोलला. मग आवाज उतरवून म्हणाला, "माय वाट पाहून राहिली त्याची."

मुंजाजी गेल्याचं म्हातारीला सांगितलंच नसणार, संगिता समजून गेली. तिला स्वतःचीच लाज वाटली.

त्यानंतर ते काम तिनं मनावर घेतलं. दुकान तिचं एकटीचं होतं. नवऱ्यानं नांदेडला दुसरं बिऱ्हाड केलं, तेव्हा मशीन तेवढं तिच्याकडे राहिलं. माहेरी तांड्यावर परत जाण्यापेक्षा ती दुकानामागच्या खोलीतच राहू लागली. दिवसभर गिऱ्हाईक यायचं, बोलायचं, पण ते सारं मापाचं आणि घाईचं. हा मात्र स्टुलावर बसून राहायचा. बोलायचा थोडं, पण उठायची घाई करायचा नाही. तो येणार असला, की ती चहाला दूध जास्त आणून ठेवायची.

"फोटोवर भरवसा न्हाई," ती एकदा म्हणाली. "खरा रंग कसा होता, नमुना पाहिजे मला."

त्यानं छत्री बाजूला ठेवली. मग त्यानं कॉलर खाली ओढली आणि मान वळवली. डाव्या कानामागे रुपयाएवढा गडद डाग होता.

"हे घ्या. बराबर एवढाच."

जन्मखूण असावी. संगितानं तपकिरी चौकोनांची पट्टी छापली आणि त्याच्या कानामागे धरली. एकेक चौकोन सरकवत ती पाहत होती. हा जास्त लाल. हा कोरडा. किती वर्षांनी ती कोणाच्या इतकी जवळ उभी होती! एका चौकोनाशी डाग आणि शाई एकमेकांत मिसळून गेली. ती तरीही क्षणभर तशीच उभी राहिली.

"सापडला," ती म्हणाली.

चित्र तयार झालं, तेव्हा तिनं ते त्याच्या हाती दिलं नाही. "दुकानातल्या ट्यूबखाली एक दिसतं, घरात दुसरं. मीच येते टांगायला." कारण खरं होतं. सगळं नव्हतं.

रविवारी दुकान बंद ठेवून ती जवळ्याच्या एसटीत बसली. घर पत्र्याचं, सारवलेलं. बुद्धाच्या तसबिरीशेजारी त्यानं खिळे ठोकून ठेवले होते. खिडकीतून पिवळसर ऊन येत होतं. दोघांनी मिळून चित्र टांगलं आणि तो चहा ठेवायला चुलीकडे गेला.

बाजेवरून त्याची माय, केशरबाई, उठली. भिंत धरत चित्रापाशी गेली आणि डोळे बारीक करून पाहत राहिली.

"आला का रे बाबा?" म्हातारीनं त्या सावळ्या गालावर हात ठेवला. "किती उशीर केलास!"

संगिताच्या डोळ्यांत पाणी आलं. केशरबाईनं चाचपत तिचा हात पकडला.

"तू कोण? माझ्या मुंजाची बायको का गं?"

संगितानं हात सोडवून घेतला नाही.

"मग एक काम कर, पोरी." म्हातारी तिच्या कानाशी आली, पण आवाज घरभर गेला. "तो गोरा माणूस हाय ना, त्याला आता त्याच्या घरी जाऊ दे. लई राबला माझ्यापायी. न्हाऊ घालतो, भाकर चारतो. परक्याचं लेकरू, किती दिस अडकवायचं? आता माझं लेकरू आलं."

तो चहाचे कप घेऊन दारात उभा होता. सगळं ऐकलं होतं त्यानं. त्याचा चेहरा शांत होता.

तेवढ्यात कुडापलीकडून शेजारणीची हाक आली, "मुंजाजी, अरे मुंजाजी, मायचं दूध घेऊन जा!"

"आलो, भिकामावशी," तो म्हणाला आणि कप खाली ठेवून बाहेर गेला. पाठमोऱ्या मानेवर कानामागचा तो डाग संगिताला दिसला; जन्मखूण नव्हती ती, अंगभर पसरलेल्या कोडातून उरलेला त्याचा खरा रंग होता.