डाव्या खुर्चीतला

“काका, ते बटण. हाताखालीच आहे तुमच्या. चष्मा देऊ का माझा?” शेजारच्या खुर्चीतून कॅप्टन म्हणाला.

डॉक्टरांनी बटण दाबलं आणि दात आवळले. दात आवळू नयेत, झिजतात, हे त्यांनी वीस वर्षं लोकांना सांगितलं होतं. दातांचा चांगला चालणारा दवाखाना विकून ते शेहेचाळिसाव्या वर्षी वैमानिक व्हायला निघाले होते. लायसन्स मिळालं होतं. विमान कंपनीने घेतलंही होतं. फक्त ही शेवटची परीक्षा राहिली होती, आणि पहिल्या खेपेला ते तिच्यात नापास झाले होते. आज पुन्हा झाले तर घरी जायचं. तिसरी संधी तिथे कोणालाच मिळत नसे.

परीक्षा खऱ्या विमानात नव्हती. एका मोठ्या हॉलमध्ये लोखंडी पायांवर एक पांढरी पेटी उभी होती. आत अगदी खऱ्यासारखं कॉकपिट आणि काचांबाहेर पडद्यावरचं आकाश. पेटी कलली की माणूस खुर्ची घट्ट धरे, इतकी ती खरी. डाव्या खुर्चीत कॅप्टन, उजव्या खुर्चीत डॉक्टर, मागे परीक्षक बाई. एकाने सांगायचं आणि दुसऱ्याने उत्तर द्यायचं, असा तिथला कायदा. कॅप्टन एकोणतीस वर्षांचा होता. तो उत्तर द्यायचा, पण प्रत्येक उत्तराला एक ‘काका’ चिकटवायचा.

सकाळी निघताना बायको म्हणाली होती, “इतकी वर्षं लोकांची तोंडं उघडलीत. आज स्वतःचं बंद ठेवा. तुमच्या रागापायी घालवू नका सगळं.”

मधल्या सुट्टीपर्यंत डॉक्टरांनी ते बंद ठेवलं. मग कॉफीच्या मशीनपाशी कॅप्टन चार जणांत म्हणाला, “या वयात लोक नातवंडांना विमान आणून देतात. आमचे काका स्वतःच घेऊन बसलेत.”

चौघं हसले. डॉक्टरांची कानशिलं तापली.

“आ कर,” ते म्हणाले.

“काय?”

“आ कर जरा. बघतो, अक्कलदाढ आलीय का. नसेलच. हल्ली दुधाच्या दातांवरच कॅप्टन करतात म्हणे.”

आता चौघं दुप्पट जोरात हसले. कॅप्टनचा चेहरा पडला. कप तसाच ठेवून तो निघून गेला. डॉक्टरांना फार बरं वाटलं, पण राग काही उतरला नाही. राग असा जिंकून उतरत नसतो. परत येताना त्यांना दिसलं, परीक्षक बाई कॅप्टनला कोपऱ्यात घेऊन हळू आवाजात काही सांगत होत्या. झापत असतील. झापू देत.

पेटीत परतल्यावर ‘काका’ बंद झालं. कॅप्टन कामापुरतं बोलू लागला.

“चाकं खाली.”

“चाकं खाली,” डॉक्टरांनी उत्तर दिलं.

विमान उतरायला लागलं. पडद्यावर धावपट्टीचे दिवे दिसू लागले. विमान कॅप्टनच्या हातात होतं. काट्यांवर नजर ठेवायची आणि काही बिघडताना दिसलं तर सांगायचं, एवढं डॉक्टरांचं काम.

“वेग कमी होतोय,” डॉक्टर म्हणाले.

उत्तर आलं नाही.

“वेग!” ते चढ्या आवाजात म्हणाले.

उत्तर नाही. डॉक्टरांनी डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. कॅप्टन मान खाली घालून बसला होता. हं. लागलं वाटतं जिव्हारी! सकाळपासून दुसऱ्याची टिंगल करताना मजा वाटत होती, आणि एक टोला परत बसला तर लगेच अबोला. ‘बहिरा आहेस का रे?’ हे शब्द डॉक्टरांच्या जिभेवर आले. बायको आठवली. त्यांनी ते गिळले. तिसऱ्यांदा सांगायला आपण काय याचे नोकर आहोत? बाई मागे बसल्यात, बघतायत. कळू दे त्यांना, इथे पोर कोण आहे आणि मोठं कोण. ते ताठ बसून राहिले. आज आपण राग आवरला, याचा त्यांना अभिमानसुद्धा वाटला.

वेग फारच घटल्याच्या इशाऱ्याने समोरचा दांडा थरथरू लागला. भोंगा वाजला. डॉक्टरांनी दांड्यावर झडप घातली, पण त्याआधीच जमीन काच भरून वर आली होती. पेटी एकदा दणकली. पडदा लाल झाला आणि सगळं थांबलं.

बाईंनी दिवे लावले.

“पाहिलंत ना?” डॉक्टर कडाडले. “दोनदा सांगितलं मी याला! दोनदा! आणि हा फुगून बसलाय! या पोरट्याच्या रुसण्यापायी मी नापास व्हायचं?”

कॅप्टनने मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. त्याने डॉक्टरांकडे पाहायचं टाळलं.

“दोनदा सांगूनही उत्तर आलं नाही, तर काय करायचं असतं?” बाईंनी विचारलं.

हे पाठ होतं. लेखी परीक्षेत डॉक्टर पहिले आले होते. “शेजारच्याला काहीतरी झालंय असं समजायचं,” ते घडाघडा म्हणू लागले, “आणि विमान ताबडतोब आपल्या हातात...”

बोलता बोलता त्यांनी कॅप्टनकडे पाहिलं.

“मधल्या सुट्टीत मीच त्याला तसं नाटक करायला सांगून ठेवलं होतं,” बाई शांतपणे म्हणाल्या. “तुमच्या शेजारचा माणूस मेला होता, डॉक्टर. रुसून बसला होतात ते तुम्ही.”