नवी चौकट

१९९८ साली मुंबईतल्या एका कंपनीने मुलींची पगारी बास्केटबॉल टीम काढली आणि शेणवे गावच्या शीतलला पहिल्याच निवडीत घेतलं. पाच फूट अकरा इंच उंचीपायी तिला तीन स्थळांनी नाकारलं होतं. त्याच उंचीने आता तिला नोकरी दिली.

पहिला सीझन संपत आला, तेव्हा तिच्या बापाने, देवजीने, घराच्या दारावरची भिंत फोडायला घेतली.

"चांगल्या घराला भगदाड कशाला पाडतोस रे?" शेजारच्या बारकूने विचारलं.

"माझी पोर येतेय. आता तिने या घरात वाकून नाय यायचं," देवजी म्हणाला. त्याने नवी चौकट चांगली हातभर वर बसवली.

तिकडे टीम शेवटचा सामनाही हरली. कंपनीने पहिल्याच सीझननंतर टीम बंद केली आणि सगळ्या मुलींना घरी पाठवलं. शेणव्यात हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

शनिवारी शीतल शहापूरहून एसटीने आली. देवजी दाराशी हसत उभा होता.

"ये गो, सरळ आत ये!"



शीतल मान खाली घालूनच आत आली.